वेल मोर तीनदा

मी आयुष्यात एक भाषा तयार केली. तिच्यात कुणी अभंग रचला नाही, कुणी कुणाला शिवी दिली नाही, आणि ती समजणारा एकुलता एक श्रोता लोखंडी कपाटाएवढा असून त्याला थंड हवेची खोली लागायची. शब्द जेमतेम साठ-सत्तर. तरी माणसामाणसांत गैरसमज करून देण्याची सोय त्या भाषेत मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. खऱ्या भाषेचं लक्षण हेच, असं म्हणून हल्ली मी स्वतःची समजूत घालतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरातल्या एका मोठ्या गिरणीनं कामगारांचा पगार काढण्यासाठी कॉम्प्युटर आणला आणि तो सांभाळायला मला नेमलं. मी गणिताचा पदवीधर, मूळचा टेंभुर्णीचा. मुंबईला काही महिने शिकून आलो होतो आणि त्या काही महिन्यांचा तोरा पुढं बरीच वर्षं पुरवून वापरला. पगार महिन्यातून एकदा निघायचा. बाकीचे दिवस मशीन आणि मी एकमेकांकडे बघत बसायचो. रिकामा माणूस आणि रिकामं मशीन एका खोलीत ठेवू नये, हे गिरणीच्या लक्षात आलं नाही.

आमच्या गिरणीत चादरीचा विभाग होता. चादरीवरची नक्षी मागावर बसवलेल्या जेकार्ड नावाच्या यंत्रावर निघते. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या असतात, त्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथं राहतो. कापडाच्या एकेका ओळीसाठी एकेक पुठ्ठा, आणि सगळ्या पुठ्ठ्यांची एक लांबच लांब माळ. नक्षीचे दोन मास्तर होते, ते चिठ्ठीवर क्रम लिहायचे: काठाला काय, अंगाला काय, फुलं कुठं, मोर कुठं. त्यावरून पंचिंगवाले भोकं पाडायचे. मला वाटलं, ही चिठ्ठी मशीनला वाचता आली, तर कुठं भोक आणि कुठं नाही याचा तक्ता ते भराभर छापून देईल. मास्तरांना फक्त चिठ्ठी लिहायची. मॅनेजरसाहेबांना कल्पना आवडली. त्यांना मशीनवर झालेला खर्च कुणाला तरी समजावून सांगायचा होता.

टेंभुर्णीहून आई आली होती. तिनं विचारलं, "आता कसलं काम करतुयास?"

"मशीनला भाषा शिकवतोय."

"म्हंजी मास्तर झालास म्हण की."

"तसंच म्हण."

"मग पोरं कुटं हायती?"

मी डबा उचलून गिरणीत निघालो.

भाषा शिकवायची म्हणजे मशीनला वाक्यपृथक्करण शिकवायचं. शाळेत वाक्यपृथक्करणात माझे गुण घरी सांगण्यासारखे नसत. कर्ता सापडला की कर्म हरवायचं. नियतीनं मला नेमकं तेच काम दिलं. हे पृथक्करण करण्याच्या दोन पद्धती आहेत. एक खालून वर: शब्द गोळा करत जायचं आणि त्यातून काय आकार येतो ते बघायचं. दुसरी वरून खाली: आधीच मनाशी धरायचं की समोर येणार आहे ती चादर; चादर म्हणजे काठ, मग अंग, मग पुन्हा काठ; काठ म्हणजे नक्षी; नक्षी म्हणजे वेल, मोर, फूल यातलं काहीतरी. असं उतरत उतरत शब्दापर्यंत यायचं. मी दुसरी निवडली. ती लिहायला सोपी, आणि आधी मत बनवून मग पुरावा बघण्याची मला घरच्या वळणानं सवय होती.

त्यात आणखी एक अडचण. चिठ्ठी आम्ही टेलिप्रिंटरवर कागदी फितीवर उतरवायचो आणि फीत मशीनला भरवायचो. फीत पुढंच जायची. मागं वळून "अरे, मघाचा शब्द काय होता" असं विचारायची सोय नव्हती, आणि सगळी चिठ्ठी लक्षात ठेवण्याएवढी स्मरणशक्ती त्या कपाटात नव्हती. म्हणजे हातातला शब्द आणि पुढचा एक शब्द, एवढ्यावर त्यानं जागच्या जागी निर्णय घ्यायचा आणि पुढं जायचं. पस्तावायला वाव नाही.

पहिल्या प्रात्यक्षिकाला मॅनेजरसाहेब, दोन्ही नक्षीमास्तर आणि विभागातले बरेच जण त्या थंड खोलीत दाटीवाटीनं उभे होते. मी फीत लावली, बटण दाबलं. मशीन गप्प. दिवे नुसते स्थिर.

"विचार करतंय का?" साहेबांनी विचारलं.

"होय साहेब."

आणखी थोडा वेळ गेला. "अजून?"

"मोठी चादर आहे साहेब."

मागून कुणीतरी म्हणालं, "सो गया दिखता जी," आणि सगळी खोली हसली. चादरीच्या गिरणीतलं मशीन, ते झोपणारच, असाही एक विनोद झाला. मी हसलो नाही. मला घाम आला होता, तोही त्या खोलीत, जिथं बाकीचे थंडीनं खांदे चोळत होते.

चूक अगदी साधी होती. मी नियम लिहिला होता: नक्षी म्हणजे नक्षी आणि तिच्यापुढं आणखी एक तुकडा. माणसाला यात काही वावगं वाटत नाही. पण वरून खाली वाचणारं मशीन नक्षी शोधायला निघालं की नियम त्याला सांगणार, आधी नक्षी शोध. ती शोधायला गेलं की पुन्हा, आधी नक्षी शोध. टेंभुर्णीला कसं जायचं, असं कुणी विचारावं आणि आपण म्हणावं, "सोपं आहे, आधी टेंभुर्णीला जा, तिथून दोन पावलं." बिचारं जागेवर उभं राहून जन्मभर टेंभुर्णीला जात होतं. मी नियम उलटा केला, आधी तुकडा आणि मग उरलेली नक्षी, आणि मशीन चालू लागलं. पुढच्या प्रात्यक्षिकाला भोकांचा तक्ता धडाधड छापून आला तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती थाप मला फार दिवस पुरली. खरं तर जरुरीपेक्षा जास्त.

आता मास्तरांविषयी सांगायला हवं. गुरुलिंगप्पा मास्तर कुंभारीहून सायकलवर यायचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, कपाळाला भस्म, आणि चादरीच्या काठावरून बोट फिरवल्याशिवाय तिच्याविषयी मत न देण्याची सवय. राजय्या मास्तर भवानी पेठेतले, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घराण्यातले. दोघांचं एकमेकांशी कशावरही पटत नसे. मोराची मान किती वाकवावी यावर त्यांचा वाद मी नोकरीला लागण्याआधी सुरू झाला होता आणि दोघांनाही तो संपवायचा नव्हता. दुपारचा डबा मात्र एकत्र खायचे. खाताना भांडण थांबायचं, हात धुतला की सुरू.

मशीनवर चिठ्ठ्या चालू झाल्या. राजय्या मास्तरांच्या चादरी हव्या तशा उतरू लागल्या. गुरुलिंगप्पा मास्तरांच्या मधूनच बिघडू लागल्या. एखादं फूल जास्त, एखादं पान कमी. ते तक्त्यावर हातानं दुरुस्ती करून वेळ मारून न्यायचे, कुणाला बोलले नाहीत. मग हुबळीच्या एका व्यापाऱ्याची मोठी मागणी आली. गुरुलिंगप्पांनी रंगीत कागदावर नमुना काढून दिला होता: काठाला वेल, मग मोर, अशी जोडी तीन वेळा. व्यापाऱ्यानं तो पसंत केला. मास्तर त्या आठवड्यात मुलीच्या सासरी अक्कलकोटकडे गेले होते, तक्ता तपासायला कुणी नव्हतं. माल उतरला तेव्हा काठावर एकच वेल आणि तिच्यापाठोपाठ तीन मोर, बाजारात गप्पा मारायला जमल्यासारखे.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मास्तरांची चिठ्ठी टेबलावर होती. तिच्यावर लिहिलं होतं: वेल मोर तीनदा.

"हे मशीननं चुकवलं की चिठ्ठीनं?" साहेबांनी मला विचारलं.

मी तीच चिठ्ठी पुन्हा मशीनला घातली. पुन्हा तेच उत्तर आलं. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारून दोन साक्षी झाल्या असं मानणारा मी तेव्हा गिरणीतला सर्वात शिकलेला माणूस होतो. मी छाती काढून म्हणालो, "साहेब, मशीन चुकत नाही."

गुरुलिंगप्पा म्हणाले, "वेल मोर तीनदा म्हंजी वेल मोर, वेल मोर, वेल मोर. आनि दुसरं काय असतंय हो?"

साहेबांनी चिठ्ठी राजय्यांच्या हातात दिली. "तुम्ही वाचा."

राजय्यांनी वाचली. ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "वेल एक. मोर तीन."

गुरुलिंगप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग काचेपलीकडच्या मशीनकडे. "मग मीच चुकलो असनार की," ते म्हणाले आणि उपरणं खांद्यावर नीट करून बाहेर गेले.

साहेब वाईट माणूस नव्हते. "वय झालं त्यांचं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गुरुलिंगप्पा मास्तरांची बदली सुताच्या गोदामात झाली. बाचकी आली की वजन बघायचं, गेली की बघायचं. नक्षीच्या खोलीत त्यांचं स्टूल रिकामं. राजय्या डबा एकटे खाऊ लागले आणि माझ्याशी बोलताना मान वर करेनासे झाले. हुबळीवाला कुरकुरत माल घेऊन गेला. मी मात्र खूश होतो. माणसाच्या चुकीवर मशीननं बोट ठेवलं, असं मी दोघातिघांना सांगितल्याचंही आठवतं.

मग मला ताप आला. सकाळी आई, ती अजून मुक्कामाला होतीच, आणि बायको मला भवानी पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी तपासलं, गोळ्यांची पुडी दिली, काढ्याची बाटली दिली आणि दारातल्या गर्दीकडे बघत म्हणाले, "गोळी, काढा तीनदा. या आता." मी घरी येऊन पडलो. दुपारी बायको, शालन, काढा घेऊन आली.

आई म्हणाली, "आन् गोळी?"

"गोळी सकाळी दिली की."

"मग आता दुपारची?"

"गोळी एकदाच आहे हो आत्या. काढा तीनदा."

"कोन म्हनलं? गोळी काढा तीनदा म्हंजी दोनी तीनदा. येवडं साधं कळंना व्हय?"

"मी समोर उभी होते. ते म्हणाले गोळी, आणि मग म्हणाले काढा तीनदा."

"मग मी काय मागं उबी हुते?"

दोघी पलंगाच्या दोन बाजूंना. एकीच्या हातात वाटी, एकीच्या हातात पुडी. मी अंगात ताप घेऊन मधे, आणि दोघींपैकी एकीनंही मला विचारलं नाही, कारण आमच्या घरात भाषा शिकवणाऱ्याला भाषेतलं कुणी विचारत नसे. मी डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांपुढं काठावर तीन मोर येऊन उभे राहिले.

दोघीही बरोबर होत्या. त्या एका वाक्यात दोन वाक्यं होती. त्याचं पृथक्करण दोन तऱ्हांनी होत होतं आणि व्याकरणाच्या एकाही नियमानं त्यातली एक तऱ्हा चुकीची ठरत नव्हती. मशीन हातात 'मोर' घेऊन पुढच्या शब्दाकडे बघायचं, तिथं 'तीनदा' दिसायचं, आणि ते तो आकडा ताबडतोब मोराला चिकटवून मोकळं व्हायचं. वेल केव्हाच मागं गेलेली. फीत मागं फिरत नाही. दोन अर्थ आहेत अशी शंकासुद्धा मशीनला आली नव्हती. ज्यानं नियम लिहिले त्यालाच आली नव्हती, तर मशीनला कुठून येणार? जवळच्याला आकडा द्यायचा हा निर्णय मीच घेतला होता. घेतोय हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

"काय झालं? जास्त वाटतंय का?" शालननं विचारलं, कारण मी उठून चप्पल शोधायला लागलो होतो.

"गिरणीत जाऊन येतो."

"बघ," आई म्हणाली, "गोळी न्हाय दिली म्हनून डोस्क्यात गेला ताप."

पुढं डॉक्टरांकडे शेजारच्याला पाठवून खुलासा मागवला. गोळी रात्री एक, काढा तीनदा. म्हणजे घरात दोघीही चुकल्या होत्या आणि व्याकरण तिसरंच होतं. पण ते नंतर.

गिरणीत जाऊन मी आधी रसूलभाईंना गाठलं. ते गुरुलिंगप्पांचे जुने पंचिंगवाले. त्यांना विचारलं, मास्तरांच्या चिठ्ठीत 'तीनदा' आलं की तुम्ही काय करायचात? ते म्हणाले, "हमारे मास्तर का तीनदा याने पूरा तीनदा. राजय्या मास्तर का तीनदा याने आखरीवाला." दोन मास्तर, दोन रिवाज, आणि प्रत्येकाचा पंचिंगवाला वेगळा. इतकी वर्षं कधी टक्कर झाली नव्हती. दोघांच्या मधे मी माझं कपाट आणून ठेवलं, त्याला चिठ्ठी कुणाची हे कळत नव्हतं, आणि ते योगायोगानं राजय्यांचं व्याकरण बोलत होतं.

साहेबांसमोर चिठ्ठी ठेवून मी सगळं सांगितलं. तापानं आवाज बसला होता, त्यामुळे भाषण लांबलं नाही. साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात मशीन चुकत नाही."

"चुकत नाहीच साहेब. त्याला जे चुकीचं सांगू ते ते अगदी बरोबर करतं."

"बसा," ते म्हणाले. "आधी बसा. तुम्हाला ताप आहे."

गुरुलिंगप्पांना गोदामातून बोलावलं आणि नवीन नियम ठरवायला आम्ही बसलो. मी कंस सुचवले. मास्तरांना ते पटेनात. "ह्या चंद्रकोरी कशाला?" राजय्या म्हणाले. "एक उघडली की मिटायची राहनार." बरोबर होतं, माझ्या स्वतःच्या प्रोग्रामात मी रोज एक तरी विसरत होतो. मग ठरलं की आकडा आधी सांगायचा. 'तीनदा' आधी आला की मशीनला कळेल, आता जे येईल ते तीन वेळा करायचंय. पण कुठपर्यंत? शेवटी एक खुणेचा शब्द हवा. मी म्हणालो, "झालं." गुरुलिंगप्पा म्हणाले, "आयितु म्हना की, गोड लागतंय." राजय्या म्हणाले, "मग अयिंदी का नको?" अर्थ दोन्हींचा 'झालं'च, एक कन्नड, एक तेलुगू. मोराच्या मानेनंतर दोघांना इतका चांगला विषय मिळाला नव्हता. गोदामातून आल्यापासून गुरुलिंगप्पा पहिल्यांदा आवाज चढवून बोलत होते, आणि राजय्यांचा चेहरा उजळला होता. मी मुद्दाम मधे पडलो नाही. शेवटी चहा घेऊन आलेल्या माणसाला राजय्या म्हणाले, "बस बस, अर्धाच," आणि तिघंही थांबलो. सोलापुरात हा शब्द न समजणारं घर नव्हतं. 'तीनदा वेल मोर बस' म्हणजे सगळं तीनदा. 'वेल तीनदा मोर बस' म्हणजे मोरच तीनदा. मशीनला डोकं खाजवायची गरजच उरली नाही.

मास्तर स्टुलावर परतले. महिन्याभरानं हुबळीवाला पुन्हा आला. आम्ही दबकून होतो. तो म्हणाला, तीन मोरवाली चादर सगळी खपली, लोक तीच मागतात, नवीन लॉट पाहिजे. साहेबांनी गुरुलिंगप्पांकडे पाहिलं. गुरुलिंगप्पांनी मान हलवली. "मी न्हाई लिहिनार. ते मोर माझे न्हाईत." ती चिठ्ठी राजय्यांनी लिहिली, आणि लिहिताना सारखे हसत होते. त्या चादरी बरीच वर्षं निघाल्या. आमच्या घरीही एक होती. शालन पाहुण्यांना ती दाखवून सांगायची, "ही ह्यांची नक्षी."

पुढं मी पुण्याला नोकरी धरली, पुष्कळ मोठी मशीनं पाहिली. मागं-पुढं हवं तसं वाचणारी, दोन अर्थ दिसले तर ओरडून सांगणारी. तरुण मुलं मला विचारायची, व्याकरणातली संदिग्धता तुम्ही कशी शोधता? मी काहीतरी विद्वत्तापूर्ण सांगायचो. घरात दोन बायका आणि ताप लागतो, हे सांगितलं नाही.

गिरणी सोडण्याआधी एकदा दुपारी मी आणि गुरुलिंगप्पा मास्तर फाटकाजवळ लिंबाखाली उभे होतो. ते सायकलचं हवा गेलेलं चाक दाबून बघत होते. सहज बोलावं तसे म्हणाले, "त्या दिवशी तुमी म्हणालात न्हवं, मशीन चुकत न्हाई. राजय्यानंबी तसंच वाचलं. मला वाटलं, डोकं गेलं आपलं. घरी कुनाला बोललो न्हाई. कुंभारीच्या वाटेनं रोज सायकलवर पाढे म्हणायचो, येतात का बघाया. कन्नडमधी म्हटले, मराठीत म्हटले. पावकी, निमकी, दिडकी, सगळी."

मी विचारलं, "मग? आले का?"

"आले की. एक चुकला न्हाई." त्यांनी चाकावरचा हात काढला. "डोकं जाग्यावर, तरी चिठ्ठी चुकली. मग तर जास्तच भ्या वाटलं."